नासलेली माती

यंदा माझ्या कसरतीच्या लाकडी मुद्गलांना बुरशी आली. या जोडीने माझ्या परसात चौदा पावसाळे काढले, हा पंधरावा. पण बुरशी कधी आली नव्हती. काल सकाळी पावसाने जरा उसंत दिली म्हणून नारळीच्या झावळ्यांचा झाप उचलून आत डोकावलो, तर दोन्ही मुद्गलांच्या अंगावर पांढुरकी लव. बोट फिरवलं तर बोटाला चिकटली. शेजारी उचलायला ठेवलेला बैलगाडीचा जुना लोखंडी आस गंजून तांबडा झालेला. कुस्तीच्या हौद्याच्या मातीत एका खेकड्याने बीळ केलं होतं आणि घर त्याचं, पाहुणा मी, अशा थाटात तो माझ्याकडे बघत होता. मी तिथेच उकिडवा बसलो.

आय म्हणाली, लाकूड आहे, पावसात बुरशी धरणारच, एवढं तोंड पाडायला काय झालं. आषाढ संपत आला आहे. मचवे वाळूवर ओढून शाकारलेले, खाडीचं पाणी गढूळ, वाड्यांमधल्या पोफळींची खोडं हिरवी पडलेली. या दिवसांत रेवदंड्याच्या कोळीवाड्यात जाळी विणण्यापलीकडे काम नसतं. म्हणजे वेळ नव्हता असंही म्हणायची सोय नाही. जेठ महिन्यापासून मी या सामानाला हात लावला नाही, एवढंच खरं आहे, आणि का लावला नाही ते मला नीट ठाऊक आहे.

मी रागीट माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो. माझा राग भडकत नाही, भांडीकुंडी आपटत नाही. तो मुरतो. गावात मला सगळे शांत म्हणतात, मराठी सातवी झालेला समंजस कोळी म्हणून सोसायटीच्या कागदावर सही करायला बोलावतात. त्यांना काय माहीत, की या समंजस माणसाने चौदा वर्षं एका माणसावर डूख धरला आणि रोज सकाळी उठून त्या डुखाला तेलपाणी केलं.

चौदा वर्षांपूर्वीच्या त्या पावसाळ्यात मी एकोणीस वर्षांचा होतो. गावची तालीम कोटाच्या भिंतीला लागून, पोफळीच्या वाडीत होती. अजूनही आहे. पहाटे मासळीची पाटी घेऊन त्या वाटेने जाताना आतून शड्डू ठोकल्याचे आवाज यायचे आणि माझी मांडी आपोआप शिवशिवायची. तालमीचा वस्ताद म्हणजे गावाचा वस्ताद. त्याचं खरं नाव घेणारा माणूस मी पाहिला नाही. उंच, काळाभोर, कान मुडपलेले, बोलणं मोजकं. त्याने नुसती भुवई वर केली की धिप्पाड गडी खाली बघत.

जेठात मचवा वर ओढला, हातांना काम उरलं नाही, आणि मी धीर केला. त्या दिवशी मी तीन वेळा अंघोळ केली. एकदा शिकेकाई लावून, एकदा राखेने घासून, आणि मग आयने उगाळून दिलेल्या आंबेहळदीने. धुतलेला लंगोट घेऊन तालमीच्या दारात उभा राहिलो. वस्तादाने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मान हलवली. ये, म्हणून.

ती माती मी कशी सांगू? आम्ही वाळूवर वाढलेली माणसं. वाळू पायाला लागते आणि झटकली की जाते. ही माती अंगाला बिलगायची. तांबडी, पिठासारखी मऊ, वरून गार आणि बोटभर खाली कोमट. तिला ताकाचा, हळदीचा, तिळाच्या तेलाचा वास होता आणि त्याच्या खाली पिढ्यान्पिढ्यांच्या घामाचा एक जुना वास, देवळाच्या गाभाऱ्यात येतो तसा. वस्तादाने मला पटाचा एक डाव धरून दाखवला, मी तो दुसऱ्यावर करून दाखवला, आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. घरी आल्यावर मी अंघोळ केली नाही. मातीसकट जेवलो, मातीसकट दुपारी पडवीत लोळलो. आय ओरडत होती आणि मी हसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा भुरभुर पाऊस होता. तालमीच्या दारात मातीचा ढीग. दोन गडी आत कुदळीने हौदा उकरत होते, आणखी दोघे पाट्या भरून खाडीकडे नेत होते. मला वाटलं पावसाळ्यासाठी माती बदलत असतील. वस्ताद पायरीवर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काल ज्या आवाजात डाव सांगितला त्याच आवाजात सांगितलं.

"माती नासली रं. मासळीचा वास धरला तिनं. तू उद्यापास्नं येऊ नको."

एवढंच. आवाज चढला नाही, शिवी नाही, जात काढली नाही. काढायची गरजच पडली नाही, वासात सगळं आलं. बाकीचे गडी मातीकडे बघत काम करत राहिले. मीच ओशाळून बाजूला झालो, पाटीवाल्याला वाट हवी होती म्हणून. या ओशाळण्याचा मला आजही सगळ्यांत जास्त संताप येतो. त्याने मला हाकललं आणि मी त्याच्या गड्याला वाट करून दिली.

मी त्या पाट्यांच्या मागोमाग गेलो. तिवरांच्या झुडपांपाशी, खाडीच्या काठावर ते माती ओतत होते. ते गेल्यावरही मी उभा राहिलो. पाऊस ढिगाऱ्यावर पडत होता आणि तांबडं पाणी ओघळत चिखलात मिसळत होतं. भरती यायला अजून अवकाश होता, आली असती की सगळं नेलं असतं. मी मूठभर माती उचलून नाकाला लावली. मासळीचा वास नव्हता. देवाशपथ सांगतो, नव्हता. तेव्हा मी मोठ्याने बोललो, ऐकायला तिथे बगळ्यांखेरीज कुणी नव्हतं, की हीच माती एक दिवस त्याच्या डोक्यावर ठेवीन.

बा तेव्हा मचव्याला तेल लावत होता. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं तो कोयता घेऊन उठेल. त्याने हात पुसले आणि विचारलं, "किती माती हाय?"

मला आधी कळलंच नाही. मग त्याने समजावलं. हौद्याची माती ही काही डोंगरातून आणून टाकलेली माती नसते. नवा हौदा घालायचा झाला की जुन्या हौद्यातली पाटीभर माती मागून आणतात आणि विरजणासारखी नव्या मातीत कालवतात. वस्तादाने ती घाटावरून, आपल्या गुरूच्या तालमीतून आणली होती, गुरूला त्याच्या गुरूने दिली होती. एवढी पिकलेली माती वासाच्या नावाखाली हा माणूस खाडीत टाकतो आहे, तर आपण उचलायला काय हरकत आहे. भरती दोन घटकांवर आली होती. बाने होडी काढली. मी, बा आणि आय, तिघांनी मासळीच्या पाट्यांनी ती माती होडीत भरली. तीन खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला पाणी गुडघ्याला लागलं होतं आणि आयच्या लुगड्याचा काष्टा चिखलाने जड झाला होता. शेवटची पाटी परसात उपडी केल्यावर बाने माती हुंगली आणि इतक्या वेळात पहिल्यांदा हसला.

"आता लागला बघ खरा वास," तो म्हणाला.

त्या पावसाळ्याची आठवण म्हणजे माझ्यासाठी पाऊस नव्हेच, त्या सामानाची राखण आहे. बाला तालमीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला होडी कळत होती. म्हणून त्याने माझी तालीम होडी समजून उभी केली. मोडक्या डोलकाठीचा बुंधा तासून मल्लखांब झाला. नांगराला बांधायचा भोकाचा जुना दगड होता, तो नाल म्हणून उचलायला ठेवला. जुन्या सुकाणूच्या लाकडातून मुद्गलांची जोडी निघाली, एक दुसऱ्यापेक्षा थोडा जड, तो कायम डाव्या हातात घ्यायचा असं ठरलं. वर झापांचं छप्पर, बाजूंना झापांचे कूड. शेजारी विचारायचे, दुसरी होडी बांधतोस काय रे. बा म्हणायचा, व्हय.

होडीवाल्याने जी चूक करायची तीही त्याने केली. होडीच्या तळाला किडा लागू नये म्हणून आम्ही चुना आणि तेल एकत्र घोटून त्याचा लेप देतो. बाने मोठ्या प्रेमाने अख्ख्या मल्लखांबाला तो लेप दिला. मी सकाळी उठलो, उत्साहाने खांबाला मिठी मारली, मांड्या आवळल्या, वर गेलो, आणि खाली आलो तो थेट विहिरीकडे पळालो. चुन्याने मांड्यांची आणि दंडांची सालटी निघाली. आठ दिवस खोबरेल लावून पाय फाकून चालत होतो. बा बिचारा ओशाळा झाला. मी मात्र त्या आठ दिवसांचाही हिशेब वस्तादाच्या नावावर लावला. तालमीत एरंडेलाचा मल्लखांब मिळाला असता, हाकललं म्हणून चुन्याचा मिळाला.

मग चुना खरवडून काढला आणि मुशी माशाच्या काळजाचं तेल लावलं. एरंडेल आमच्या घरात कुठून येणार. मुशीचं तेल मडकं भरून असे. त्याचा वास असा, की दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यातली सगळी मांजरं मल्लखांबाभोवती जमली. एक बोका तर माझ्यापेक्षा चांगला वर चढला. मी हाकलली नाहीत. वासाचंच कारण सांगून मला काढलं होतं ना, मग होऊ दे वास. मुद्गलांना तेच तेल, आसाला तेच तेल, माझ्या अंगालाही तेच.

आषाढात लाकूड फुगतं. मुद्गल जमिनीवर उभे ठेवले तर बुडातून ओल ओढतात, म्हणून दोरीने आढ्याला टांगायचे आणि दर दोन दिवसांनी चिंधीने कोरडे करून तेल चोळायचं. लोखंडाला खारं वारं लागलं की एका दिवसात तांबेरा धरतो, तो काथ्याने आणि राखेने घासायचा. मल्लखांब जमिनीत कायमचा पुरला तर बुडाशी कुजतो. बाने डोलकाठीसारखी खोबण केली, झड लागली की तो उपसून आडवा करायचा. पण खरी राखण मातीची. ती ओली झाली तर चिखल, कोरडी पडली तर दगड. रोज कुदळीने खालीवर करायची, ढेकळं मुठीने फोडायची, छप्पर गळलं की रात्र असो दिवस असो तिथे टोपलं ठेवायचं, खेकड्यांना बाहेर काढायचं. मातीला ताक हवं होतं. आय सुक्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन आतल्या गावांत जायची आणि कुणब्यांच्या बायकांकडून बोंबलांच्या बदल्यात लोटाभर ताक आणायची. भर पावसात, इरल्याखाली लोटा जपत. ताक मातीत ओतताना ती म्हणायची, आमच्या पोटाला न्हाय, हिच्या पोटाला.

आणि या प्रत्येक कामात मी एक शब्द मनात घोळवायचो. चिंधी वर गेली, नासली. चिंधी खाली आली, नासली. कुदळ आत, नासली. जोर मारताना आकडे मोजायचे सोडून दिले, हाच शब्द मोजायचो. लोक नामस्मरण करतात म्हणे. माझंही तेच चाललं होतं, देव तेवढा वेगळा होता.

पावसाळा सरला आणि कोजागिरीनंतर उत्तरेचं वारं सुटलं. पावसात फुगलेलं लाकूड थंडीत सुकून तडकलं. मोठ्या मुद्गलाला मुठीपासून पोटापर्यंत चीर गेली. दुसरा कुणी असता तर जळणात टाकला असता. आम्ही चिरेत कापूस ठासला, वर राळ आणि तेल उकळून ओतलं, मचव्याच्या फळ्या बुजवतो तसं. ती राळेची काळी रेघ अजून आहे. पौषात पहाटे खोबरेलाची बाटली पांढरी थिजलेली असायची, मुशीचं तेल मात्र वाहतं. गार माती पाठीला लागली की पहिल्यांदा श्वासच अडकायचा. दव झापांवरून टपटपायचं, खाडीवरून धुकं परसात यायचं, आणि पलीकडून कोटाच्या बाजूने शड्डूचा आवाज ऐकू यायचा. मग मीही ठोकायचो, मोठ्याने. त्याला ऐकू जावं म्हणून.

माघात शेजारच्या गावची जत्रा आणि कुस्त्यांचा फड. मी त्या दिवसासाठीच जगत होतो. वस्तादाच्या सगळ्यांत लाडक्या पठ्ठ्याशी मी जोड मागितली. कुस्ती फार चालली नाही. ज्या पटावर माझ्या पाठीवर थाप पडली होती, त्याच पटावर मी त्याला उचलून पाठ लावली. ढोल वाजले, कुणीतरी फेटा बांधला. मी माणसांच्या डोक्यांवरून फक्त वस्तादाकडे बघत होतो. तो शेजाऱ्याकडे वळून काहीतरी विचारत होता. मागाहून कळलं, त्याने विचारलं होतं, "चांगला हाय. कुनाचा रं ह्यो?"

त्याने मला ओळखलंच नव्हतं. आठ महिने ज्याच्या नावाने मी लाकूड चोळलं, ज्याच्यासाठी आय इरल्याखाली ताक घेऊन चालली, त्याच्या लेखी मी कुणीच नव्हतो. फेटा मी वाटेत सोडून खाडीत टाकला. राग तिथे संपायला हवा होता. तो तिथे खरा सुरू झाला.

नंतरची वर्षं लवकर सांगण्यासारखी आहेत. बा गेला. मचवा माझ्याकडे आला. कोळीवाड्यातले तरणे गडी माझ्या परसात येऊ लागले, वासाला कुणी नाक मुरडलं नाही, सगळ्यांचा एकच वास होता. दर पावसाळ्यात झाप, दर थंडीत राळ. मला ताप आला तरी मी माती खालीवर करून मगच अंथरूण धरायचो. लोकांना वाटायचं, काय हा शौक. शौक कसला. ज्या दिवशी ही माती माझ्या हातून खराब होईल त्या दिवशी वस्तादाचं म्हणणं खरं ठरेल, या भीतीने मी ती राखली.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मोठं तुफान झालं. समुद्र कोटाच्या भिंतीवरून आत आला आणि तालमीत छातीएवढं खारं पाणी दोन दिवस तुंबलं. माती गेली. खारटलेली माती अंगाला लागली की गळवं येतात, तिथे तर एकेका गड्याच्या पाठीवर दहादहा आली. त्यांनी ती काढून डोंगराची नवी माती आणली, तर ती नुसती माती. ताक ओतलं तर आंबूस वास मारू लागली. हिवाळाभर तिकडून शड्डूचा आवाज आला नाही. मी पहाटे मुद्दाम कान देऊन ऐकायचो आणि ती शांतता मला गोड लागायची. खोटं कशाला बोलू.

आणि मग यंदा जेठात, आभाळ भरून आलेल्या एका सकाळी, वस्ताद माझ्या परसात आला. साठी कधीच उलटलेली, पाय थोडे वाकलेले, कान तसेच मुडपलेले. हातात रिकामी पाटी. आयने त्याला ओळखलं आणि ती दारातच थांबली. गडी जोर मारायचे थांबले. तो सांगू लागला, हौदा लागत नाही, विरजणाला पाटीभर माती हवी, अख्ख्या पट्टीत जुनी माती आता तुझ्याकडेच आहे असं ऐकलं. बोलता बोलता तो सवयीने खाली वाकला, कुठल्याही हौद्यापाशी पैलवान वाकतो तसा, चिमूटभर माती घेऊन कपाळाला लावायला. हात कपाळापर्यंत गेला आणि नाकाशी परत आला. त्याने पुन्हा हुंगलं. मग मूठ भरून घेतली, ती बोटांनी चुरली, आणि त्याचा चेहरा मी पाहिला. चौदा वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो ते त्या चेहऱ्यावर होतं.

"ही गुरूंची माती हाय," तो हळूच म्हणाला. "ही तुझ्याकडं कशी?"

"नासलेली हाय, वस्ताद," मी म्हणालो. "खाडीवर टाकून दिलेली व्हती."

त्याला मी आठवलो. आठवायला त्याला कष्ट पडले हे दिसत होतं आणि मी मदत केली नाही. मग मी अट सांगितली. माती देतो, भरून देतो. पण पाटी कुणा गड्याने उचलायची नाही. त्याने स्वतः, डोक्यावर, कोळीवाड्यातून आणि बाजारातून, तालमीपर्यंत न्यायची. टाकली होती ती परत.

मला वाटत होतं तो चिडेल, पाटी टाकून निघून जाईल. तसा गेला असता तरी माझं पोट भरलं असतं. तो खाली बसला. मी पाटी शिगोशीग भरली, दाबून भरली, आणि माझ्या हातांनी त्याच्या डोक्यावर ठेवली. वर पागोटं होतं ते त्याने आधी काढून कमरेला गुंडाळलं होतं, त्यामुळे माती थेट टाळूवर. तो उठला तेव्हा गुडघे कटकन वाजले. मी त्याच्या मागे चाललो. एकही पाऊल मला चुकवायचं नव्हतं. सुकत घातलेली जाळी, मासळीचे ओटे, मग बाजार. माणसं दुकानांतून बाहेर येऊन बघत होती. वाटेत पावसाची सर आली आणि पाटीतून तांबडं पाणी त्याच्या कपाळावर, डोळ्यांत, मिशांवर ओघळलं. त्याचे दोन्ही हात पाटीला होते, पुसता येत नव्हतं. चढावर तो लटपटला. मी हात पुढे केला नाही. लोकांनी माझ्याकडे पाहिलं, तरी केला नाही.

तालमीत त्याने माती हौद्याच्या मधोमध ओतली, कुदळीने कालवली, आणि दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळला. तोंडावर सगळी तांबडी माती. आजूबाजूला गाव जमलेलं.

"पयला पाय तुझा," तो म्हणाला. "उतर."

हाच तो उंबरठा. एकोणिसाव्या वर्षी तीन अंघोळी करून इथे आलो होतो. आत उतरायला मला काय हवं होतं, एक पाऊल. पण इतक्या वर्षांत जे घासूनपुसून ठेवलं होतं ते नेमकं त्याच वेळी जिभेवर आलं.

"वास लागंल मातीला, वस्ताद," मी म्हणालो आणि घरी आलो.

त्या दिवशी मी पोटभर जेवलो. दुपारी गाढ झोपलो. दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा उठावंसं वाटलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मुद्गल टांगलेले होते ते एका गड्याने खेळून जमिनीवर उभे ठेवले, मी पाहिलं आणि पुन्हा टांगले नाहीत. तेल लावायला बसलो तर चिंधी वर जाताना म्हणायला शब्द नव्हता. गडी दोन-चार दिवस आले, माझा रंग बघून तेही पांगले. पाटीभर माती काढली तिथे हौद्यात खळगा पडला होता, तो मी बुजवलाही नाही. त्यातच त्या खेकड्याने घर केलं.

मला वाटलं होतं, तिकडे तालीम आता गाजू लागेल. पण आवाज येईना. पंधरा दिवस गेले, महिना गेला. शेवटी परवा आय बाजारातून बोंबील विकून आली आणि इरलं टेकवून, माझ्याकडे न बघता तिने सांगितलं. म्हातारा कुणालाही हौद्यात उतरू देत नाही. गडी हात जोडून थकले. रोज सकाळी भिजत येतो, एकटा माती खालीवर करतो, ताक घालतो, गळक्या जागी टोपलं ठेवतो आणि दार लावून घेतो. विचारलं की एकच सांगतो, पयला पाय त्याचा. नागपंचमी तोंडावर आली, गावची कुस्ती होणार नाही असं लोक बोलतात. आणि बोल तुला लावतात, त्याला नव्हे, असंही तिने वर सांगितलं.

मी हादरलो. मला वाटत होतं डूख धरणं मलाच येतं. हा म्हातारा माझ्या वरचढ निघाला. मी त्याच्या डोक्यावर माती ठेवली आणि त्याने अख्खी तालीम माझ्या डोक्यावर ठेवली. आणि ठेवली ती कशी, तर मी चौदा वर्षं जे केलं तेच करून, झड लागलेल्या आषाढात, दुखऱ्या गुडघ्यांनी, रोज. त्याला माझा राग आला असता तर मी तो आनंदाने सोसला असता. हे मला सोसवेना.

काल बुरशी पाहिली ती या सगळ्यानंतर. बसून बसून पाय आखडले तेव्हा उठलो, चिंधी शोधली, काथ्या आणि राख घेतली. खेकड्याला शेपटाकडून, म्हणजे त्याला शेपूट असतं तर तिथून, धरून कुंपणापलीकडे टाकलं. आसाचा तांबेरा घासून घासून काढला. मुद्गलांची बुरशी पुसली, राळेची जुनी रेघ तपासली, ती अजून पक्की आहे. मडक्यात मुशीचं तेल तळाला होतं, ते घट्ट आणि उग्र झालं होतं. चोळता चोळता हात कोपरापर्यंत माखले. मनात शब्द कुठलाच नव्हता, तरी हात चालत होते. दुपारी मी मातीचा खळगा बुजवला.

आय बघत होती. आज संध्याकाळी तिने विचारलं, जानार हायस काय. मी म्हणालो, व्हय, सकाळी. तिने चुलीवर पाण्याचा हंडा ठेवला आणि शिकेकाईचा डबा काढून ओट्यावर मांडला, एकोणिसाव्या वर्षी मांडला होता तसाच. मी तो उचलून परत फळीवर ठेवला.

जाईन. पहिला पाय मीच ठेवीन, गावची कुस्ती होऊ दे. पण त्या दिवशी तीन अंघोळी करून गेलो होतो. उद्या एकही करणार नाही. हे मुशीचं तेल असंच अंगाला चोळून जाईन.